भूछत्रातली अळी कुणाची? मायसेटोफिलिडी कुळातल्या चिलटांबद्दल

पावसाळ्यात रानातून आणलेली अळंबी मिठाच्या पाण्यात टाकली की पाच-दहा मिनिटांत पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्या वळवळायला लागतात. बहुतेक घरांत ते पाणी तसंच मोरीत जातं. ओतण्याआधी एक अळी बशीत काढा आणि दहापट भिंगाखाली धरा. डोकं काळं, कडक, चकचकीत. बाकीचं अंग दुधी आणि इतकं नितळ की आतलं खाल्लेलं दिसतं. पायांचा पत्ता नाही. अशी असेल तर ती फंगस नॅटची, म्हणजे बुरशीवर वाढणाऱ्या चिलटाची अळी. डोकंच सापडत नसेल, एका टोकाला निमुळती होत गेलेली नुसती पांढरी पिशवी असेल, तर ती केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांची किंवा फोरिड माशीची. एवढा एक फरक डोळ्यांत बसला की निम्मं काम झालं.

इथे एक गैरसमज आधीच निकालात काढू. 'किडकं भूछत्र म्हणजे खायला चालतं, किड्याला नाही बाधलं तर आपल्याला काय बाधणार' असं गावोगाव ऐकू येतं. हे साफ चूक आहे. भूछत्र खाणाऱ्या काही माश्यांच्या अळ्या माणसाचं यकृत निकामी करणारं अमॅनिटिन हे विष मजेत पचवतात. अळी हा भूछत्राच्या सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

फंगस नॅट म्हणजे नेमकं कोण

हा शब्द दोन-चार कुळांना मिळून वापरला जातो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. घरातल्या कुंडीभोवती फिरणारी काळी चिलटं, धिंगरीच्या शेडमध्ये पिशव्यांवर बसणारी चिलटं ही जवळजवळ नेहमी सियारिडी कुळातली असतात. कुंडीतली माती वरून दोन-तीन सेंटीमीटर सुकू दिली आणि पिवळी चिकट पट्टी लावली की ती आटोक्यात येतात. त्यांचा विषय एवढ्यावरच सोडतो.

या लेखातलं कूळ वेगळं: मायसेटोफिलिडी. ग्रीकमधलं मायकेस म्हणजे भूछत्र आणि फिलोस म्हणजे आवडणारा. कुळाला हे नाव १८३४ मध्ये एडवर्ड न्यूमन यांनी दिलं. आज जगभरातून चार हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. ही रानातली मंडळी. दमट सावली, कुजकं लाकूड, शेवाळलेला कातळ आणि भूछत्रं जिथे आहेत तिथेच ती सापडतात. शहरातल्या गॅलरीत क्वचितच.

भारतातल्या जातींचं जुनं पुस्तक म्हणजे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतला १९१२ चा खंड. लिहिणारे एन्रिको ब्रुनेटी पेशाने संगीतकार, मुक्काम कलकत्त्याला. पुस्तक आजही उपयोगी आहे, पण वापरताना एक ध्यानात ठेवा: त्या काळी सियारिडी आणि केरोप्लाटिडी ही आजची स्वतंत्र कुळं मायसेटोफिलिडीच्याच पोटात धरली जात. जुन्या पुस्तकात नाव त्या मथळ्याखाली सापडलं म्हणून ते आजही त्याच कुळात आहे असं समजू नका. शिवाय तिथे वर्णनं आहेत ती जाळ्यात सापडलेल्या प्रौढांची. अळी कशावर वाढली, याबद्दल फार थोडं हाती लागतं. म्हणूनच उडतं चिलट पकडण्यापेक्षा भूछत्र बरणीत ठेवून त्यातून चिलट काढणं जास्त मोलाचं. नाव उद्या दुसरं कुणीतरी लावू शकेल. यजमान, म्हणजे अळी ज्यावर वाढली तो, कोण होता हे मात्र ज्याने बरणी भरली त्यालाच ठाऊक असतं.

बाजूने पाहा, वरून नको

चिलट जिवंत असो की स्पिरिटमध्ये, आडवं करून बाजूने पाहायचं. बहुतेक जाती ३ ते ६ मिलिमीटरच्या. पहिली खूण पाठीची: छाती उंटाच्या मदारीसारखी उंच आणि डोकं तिच्या खाली, जणू मान घालून बसलंय. दुसरी खूण पायांची, आणि ही सगळ्यांत भरवशाची. पाय जिथे छातीला जोडलेला असतो तो पहिला तुकडा, म्हणजे कक्षा, डासात बुटका असतो. इथे तो लांबलचक, सहज नजरेत भरणारा. त्याखाली मांडी जाड आणि चपटी, आणि नडगीच्या टोकाला दोन लांब काटे. डास समजून कुणी घाबरलं तर सांगा: लांब सोंड नाही, पंखांवर खवले नाहीत, चावत नाही. धक्का लागला की बरेचदा उडण्याआधी टुणकन उडी मारतं.

सियारिडीपासून वेगळं करायला डोळे पाहा. सियारिडीत दोन्ही संयुक्त डोळे शिंगांच्या (डोक्यावरच्या स्पृशांच्या) वर पुलासारख्या पट्टीने जोडलेले असतात. मायसेटोफिलिडीत हा पूल नाही. वीसपट-चाळीसपट स्टीरिओ मायक्रोस्कोप असेल तर हे अर्ध्या मिनिटात कळतं. केरोप्लाटिडीच्याही कक्षा लांब असतात, म्हणून तिथे पंख पाहावा लागतो: त्यांच्यात रेडियल (पंखाच्या पुढच्या भागातल्या) शिरेचा मागचा फाटा आणि मीडियल (मधली) शीर काही अंतर एकजीव होऊन जातात. गॉल मिज म्हणजे सेसिडोमायिडी तर सोपी. पंखात मोजक्याच शिरा आणि नडगीला काटेच नाहीत.

कुळाच्या आत शिरायचं तर शंभरपट मोठं करून पंखाचा पडदा पाहा. मायसेटोफिलिनी उपकुळात पडद्यावरची अतिसूक्ष्म लव सरळ ओळींत लावलेली असते, नांगरलेल्या शेतासारखी. सायोफिलिनी उपकुळात पडद्यावर त्याहून मोठे, खरे केस दिसतात. त्यापुढे मायसेटोफिलिनीचे दोन गट: छातीच्या बाजूच्या फळ्यांवर जाड ताठ केस असले तर मायसेटोफिलिनाय, तिथे बोडकं असलं तर एक्सेचायनाय. इथपर्यंत कुणालाही जमतं. पुढे जातीपर्यंत जायचं म्हणजे नराच्या पोटाचं टोक उघडून पाहणं आलं. त्याबद्दल खाली.

कुठे शोधायचं

जून संपता संपता पहिली भूछत्रं येतात तिथपासून ऑक्टोबरपर्यंत सह्याद्रीत हंगाम असतो. आंबोली, भीमाशंकर, महाबळेश्वरच्या पट्ट्यातली सदाहरित आणि निमसदाहरित रानं, आणि गावोगावच्या देवराया. देवराईत पडलेलं झाड जागच्या जागी कुजतं, म्हणून ती जास्त चांगली. पाऊस थांबल्यावर ही चिलटं ओढ्याच्या घळीत, कातळाच्या कपारीत, पोकळ खोडात, रस्त्याखालच्या मोरीत दाटीने बसलेली मिळतात. कपारीच्या छताला जाळीचं तोंड लावून आत हळूच फुंकर मारा, नाहीतर काडी फिरवा. उन्हात जाळी मारत फिरण्यापेक्षा यात दहापट माल मिळतो.

अळ्या फक्त मऊ छत्रीतच असतात असं नाही. कुजक्या ओंडक्याच्या खालच्या बाजूला, साल आणि बुरशी यांच्या मध्ये, ओलसर चमकणारं जाळं आणि त्यावरून मागेपुढे सरकणारी अळी दिसली तर ती मायकोमाया किंवा सायोफिलासारख्या वंशातली. फ्रोनियाच्या काही अळ्या ओल्या ओंडक्यावरचा बुळबुळीत थर चरतात आणि स्वतःच्याच विष्ठेची काळी टोपी पाठीवर घेऊन फिरतात. पहिल्यांदा पाहणारा तिला गोगलगायच समजतो. प्लाट्युरोसिप्टा वंशातल्या काही जाती श्लेष्मबुरशीवर वाढतात. लाकडावरची कडक कानासारखी बुरशीही सोडू नका, तिच्या खालच्या बाजूला छिद्रांशी नाक लावून पाहा.

बरणी भरताना

सामान घरातलंच. अर्धा ते एक लिटरची रुंद तोंडाची बरणी, बारीक वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात, मलमलीचं कापड, रबरबँड, टिश्यूपेपर. वाळू-कोकोपीट आधी कढईत चांगलं भाजून किंवा कुकरमध्ये अर्धा तास वाफवून थंड करा. हे टाळलं तर मातीतलीच चिलटं आणि कोळीकीटक बाहेर येतात आणि महिनाभराची मेहनत मातीत जाते. अक्षरशः.

तळाशी तीन ते पाच सेंटीमीटर थर घाला. ओल किती? मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण बोटांमधून पाणी गळू नये. या थराचं काम मोठं आहे: पुष्कळ जातींची पूर्ण वाढलेली अळी भूछत्र सोडून मातीत उतरते आणि तिथे कोष करते. थर नसेल तर अळ्या काचेवर चढत राहतात आणि दोन दिवसांत सुकून मरतात.

एका बरणीत एकच भूछत्र, फार तर एकाच झुबक्यातली दोन. दोन वेगळ्या जातींची भूछत्रं एकत्र टाकली की त्या बरणीची नोंद रद्दी झाली, कारण चिलट कशातून निघालं हे मग कुणीच सांगू शकत नाही. भूछत्र बरणीत जाण्याआधी त्याचे फोटो काढा: वरून, खालून, दांड्याचा बुडखा मातीतून उकरून. त्याच झुबक्यातल्या दुसऱ्या छत्रीचा बीजाणू-ठसा घ्या. दांडा कापून छत्री पाती खाली करून अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला, सहा ते बारा तासांनी रंग दिसतो. हे नंतर करू म्हणाल तर होत नाही. अळ्यांनी भरलेली छत्री दुसऱ्या दिवशी काळा चिखल झालेली असते, आणि चिखलाची जात ओळखता येत नाही.

हा चिखलच सगळ्यात जास्त बरण्या बुडवतो. भूछत्रात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते सुटतं, तळाशी साचतं, कोष गुदमरतात. त्यासाठी भूछत्र थेट मातीवर न ठेवता टिश्यूच्या दोन घड्यांवर किंवा चार काड्यांच्या मचाणावर ठेवा. काचेवर थेंब जमले तर रोज एकदा कोरड्या टिश्यूने पुसा. प्लास्टिकचं झाकण लावून भोकं पाडण्याचा मोह होतो. पावसाळ्यात ते नको, मलमलच बरी. मात्र मलमल दुहेरी घ्या. फोरिड माश्या इतक्या बारीक असतात की सैल विणीतून आत शिरून अंडी घालतात, आणि मग तुमच्या बरणीतून भलतंच कुळ बाहेर येतं.

बरणी सावलीत, २० ते २५ अंशांच्या आसपास. उन्हाची तिरीप आली तर बंद काचेत तासाभरात अळ्या उकडतात. मुंबईच्या ऑगस्टमध्ये माठाच्या शेजारी, जमिनीवर ठेवलेली बरणी ओट्यावरच्यापेक्षा चांगली टिकते. मऊ भूछत्रातून साधारण दोन-तीन आठवड्यांत प्रौढ निघतात, पण बरणी दीड महिना तरी मोडू नका. कडक लाकडी बुरशीला काही महिनेही लागतात. तिला आठवड्यातून एकदा पाण्याचा हलका फवारा पुरतो.

प्रौढ दिसलं की लगेच मारायचं नाही. ताजं चिलट फिकट, मऊ, पंख सुरकुतलेले असं असतं. त्याच अवस्थेत स्पिरिटमध्ये टाकलं तर रंग कधीच येत नाही आणि छातीवरचे केस ओळखायला अवघड जातात. चोवीस तास थांबा. त्यापेक्षा जास्तही नको, कारण काचेवरच्या थेंबाला पंख चिकटला की चिलट वाया गेलं.

आणि बरणीतून चिलटांऐवजी बारीक काळ्या गांधीलमाश्या निघाल्या तर फेकू नका. ऑर्थोसेंट्रिनी उपकुळातल्या इक्न्यूमन आणि डायाप्रिडी कुळातल्या काही गांधीलमाश्या फंगस नॅटच्या अळ्यांवरच जगतात. अळी मेली, पण तिला कोण खातं हे कळलं. त्या बरेचदा चिलटांच्या नंतर निघतात, दीड महिना थांबायचं त्याचं हेही एक कारण.

स्पिरिट, लेबल आणि पोटाचं टोक

टाचणीला लावून सुकवलेलं फंगस नॅट म्हणजे सुकलेला लसणीचा पापुद्रा; काही उरत नाही. ७० ते ८० टक्के अल्कोहोल वापरा. डीएनए काढायचा बेत असेल तर ९५ टक्क्यांच्या वर आणि फ्रीजमध्ये. शुद्ध इथेनॉलला परवाना लागतो. नुसतं रूप पाहायचं तर केमिस्टकडचं ७० टक्के आयसोप्रोपिल चालून जातं, फक्त नमुने थोडे ताठ होतात. कुपी काठोकाठ भरा. आत हवेचा बुडबुडा राहिला की प्रवासात तो वरखाली फिरतो आणि चिलटाचे सगळे पाय मोडून तळाशी जमा करतो. या कुळाचे पाय फार नाजूक, आणि ओळख पायांवर.

लेबल कुपीच्या आत, पेन्सिलीने. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि आठवड्यात कोरा कागद उरतो. ठिकाण, जिल्हा, समुद्रसपाटीपासूनची उंची, अक्षांश-रेखांश, यजमान भूछत्र, आणि तारखा दोन: भूछत्र आणल्याची व चिलट निघाल्याची.

नराच्या पोटाचं टोक पाहण्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं १० टक्के द्रावण लागतं: ९० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम खडे, खडे पाण्यात थोडे थोडे टाकायचे, खड्यांवर पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं. हातमोजे, चष्मा. द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा. काचेच्या बुचाच्या बाटलीचं बूच कायमचं बसतं. पोटाचा शेवटचा तृतीयांश भाग बारीक सुईने तोडून रात्रभर या द्रावणात ठेवा. सकाळी मांस विरघळून तपकिरी सांगाडा उरलेला असतो. पुढे दहा मिनिटं स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर, मग थेट ग्लिसरीनचा थेंब. व्हिनेगरची पायरी गाळली तर ग्लिसरीनमध्ये खडे धरतात आणि चित्र गढूळ होतं. घाई म्हणून द्रावण गरम करणाऱ्यांचं टोक इतकं पारदर्शक होतं की कडाच दिसत नाहीत. रात्रभराला पर्याय नाही. काम झालं की टोक ग्लिसरीनच्या बारीक कुपीत, त्याच लेबलसह, मूळ नमुन्याबरोबर.

मॅलेज सापळा, म्हणजे तंबूसारखी जाळी आणि टोकाला बाटली, हाही या कुळासाठी उत्तम. त्यात मात्र यजमान कळत नाही. लावायचाच तर बाटलीचं टोक उजेडाकडे, दोऱ्यांना व्हॅसलीन, नाहीतर मुंग्या बाटलीत उतरून सगळं फस्त करतात. मुसळधार दिवसांत पाणी शिरून स्पिरिट पातळ होतं, म्हणून आठवडा पुरा होऊ न देता बदला.

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात चिलटसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलता येत नाही, आणि नमुना ओळखीसाठी परदेशात पाठवायचा तर २००२ च्या जैवविविधता कायद्याचे नियम लागू होतात. तीन मिलिमीटरच्या माशीला कोण विचारतंय, हा हिशेब चुकीचा आहे. आपल्या मालकीच्या रानात, परसात, आणि देवराईत गावाला विचारून काम करा. महाराष्ट्रातल्यांना आकुर्डीचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र जवळ आहे.

सापकांद्याचं काय

भूछत्रांबरोबर रानात जूनमध्येच सापकांदा डोकं वर काढतो, नागाच्या फणीसारखा. अरिसीमा हा त्याचा वंश. जपानातल्या बऱ्याच अरिसीमांचं परागण फंगस नॅटच करतात, आणि सौदा एकतर्फी आहे. चिलट फणीतून खाली घसरतं. नर-फुलोऱ्याच्या तळाशी एक फट असते, तिथून ते परागकण अंगावर घेऊन सुटतं. मादी-फुलोऱ्याला ती फट नसते; परागकण देऊन चिलट आतच मरतं. पण तिथल्याच अरिसीमा थुनबर्गी या जातीत लिया इशितानी हे आपल्याच कुळातलं चिलट कुजत चाललेल्या फुलोऱ्यात अंडी घालतं आणि अळ्या त्यावरच वाढतात, असं दिसून आलं आहे.

म्हणून इकडच्या सापकांद्याच्या तळाशी टॉर्च मारून पाहायला हरकत नाही. फणी कापू नका, पुढच्या कुणाला तरी पाहायची असते. आत मेलेलं चिलट मिळालं तर चिमट्याने काढून स्पिरिटमध्ये टाका, पण लेबलवर 'यजमान: सापकांदा' असं लिहू नका. 'फुलोऱ्यात सापडलं' एवढंच लिहा. फुलोरा सुकून खाली लोंबायला लागला की तो वेगळ्या बरणीत, भाजलेल्या वाळूवर. त्यातून चिलट बाहेर आलं, तरच 'यजमान'.